घमेल्यात कुणी शिकवलं?

आज बोलायला सुरुवात करण्याआधी तुमच्याकडून एक काम करून घेणार आहे. हातातलं सोडू नका. भाजी निवडत असाल तर निवडत राहा, गजरा ओवत असाल तर ओवत राहा. मी विचारते त्याचं उत्तर तेवढं मोठ्याने द्या.

वाडीत माती उचलायला जे पसरट भांडं असतं, त्याला आपण काय म्हणतो? घमेलं. माती कशात भरायची? घमेल्यात. एक घमेलं, दोन? घमेली. आता पाण्याचं भांडं. बादली. पाणी कशात? बादलीत. एक बादली, दोन? बादल्या. आणि आज भाजी कशाची? समजा, बटाट्याची.

तुमच्यातल्या एकीनेही "घमेलंत माती" म्हटलं नसेल. "बटाटाची भाजी" म्हटलं नसेल. ते घमेलं, ती बादली, तो बटाटा. एकदाही अडखळला नाहीत. आता माझा खरा प्रश्न. हे तुम्हाला कुणी शिकवलं?

आईने? तिने कधी मांडीवर बसवून सांगितलं का, की बाय, शब्दाच्या शेवटी "आ" असला आणि पुढे "ची" लावायची असली तर त्या "आ"चा "या" करायचा? तिला स्वतःलाच हा नियम माहीत नव्हता. शाळेत? शाळेत जाईपर्यंत तुम्ही हे सगळं बिनचूक बोलत होता. ज्या बायांनी शाळेची पायरी कधी चढली नाही, त्याही "बटाट्याची"च म्हणतात. उलट व्याकरणाचं पुस्तक पाठ करून मराठी शिकलेला परदेशी माणूस बघा, दहा वर्षांनीही "माझा चावी कुठे आहे" म्हणतो. त्याला नियम माहीत आहे आणि जमत नाही. तुम्हाला नियम माहीत नाही आणि जमतं.

आजचा विषय हाच. मन आपल्या नकळत कसं शिकतं, आणि आपल्या वसईच्या इतिहासात ह्या नकळत शिकण्याने काय काय करून ठेवलं.

मघाशी मी घमेलं, बादली, बटाटा हेच शब्द का निवडले ते सांगते. हे तिन्ही शब्द मुळात मराठी नाहीत. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. इथे त्यांनी किल्ला बांधला, चर्च बांधली, आणि गोव्याच्या उत्तरेकडच्या आपल्या मुलखाचा कारभार ह्याच किल्ल्यातून चालवला. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा ते गेले. म्हणजे दोनशे पाच वर्षं. इथे काय आणि गोवा, चौल अशा किनाऱ्यावरच्या दुसऱ्या ठाण्यांत काय, त्यांच्या तोंडचे शब्द आपल्या माणसांच्या कानांवर पडत राहिले. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई. चावी, बादली, परात, पिंप, घमेलं, फीत, बिजागरी. पगार, लिलाव, मिस्त्री, तुरुंग. राज्य करणाऱ्याकडून सामान्य माणसाच्या वाट्याला काय येतं ते ह्या यादीत बरोबर दिसतं. खायला पाव, राबल्यावर पगार, आणि चुकलं तर तुरुंग.

आता गंमत ऐका. पोर्तुगीज भाषेतही शब्दांना लिंग असतं. तिथे बटाटा स्त्रीलिंगी आहे, म्हणजे "ती बटाटा". आपण त्याचा "तो" केला. बादली त्यांच्याकडे पुल्लिंगी, आपण "ती" केली. परातही त्यांच्याकडे "तो" होती. घमेलं आणि पिंप त्यांच्याकडे "ती", आपल्याकडे "ते" झाली. आपल्या माणसांनी शब्द घेतला, पण त्याच्याबरोबर आलेलं लिंग घेतलं नाही. शब्द आला आणि त्याला आपल्या भाषेतल्या रांगेत नेऊन बसवला. "बटाटा" शब्दाच्या शेवटी "आ" ऐकला, की तो आंबा, घोडा, नांगरवाला दादा ह्यांच्या रांगेत गेला. "बादली"च्या शेवटी "ई" आली, की ती वाडी, काठी, टोपली ह्यांच्या रांगेत. घमेलं गेलं तळं, केळं, मडकं यांच्याशेजारी.

हे कुणी ठरवलं? असा ठराव करायला कुठे सभा भरली नव्हती. पंडितांना विचारायला कुणी गेलं नव्हतं. हे केलं वाडीत शिंपणं करणाऱ्यांनी, गोऱ्यांच्या घरी भांडी घासणाऱ्यांनी, बाजारात कोबी विकणाऱ्या बायांनी. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. आपण काही करतो आहोत हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि हे काम थांबलेलं नाही. तुम्ही आजही करता. ट्रक तो, बस ती. दोन्ही इंग्रजी शब्द, आणि इंग्रजीत त्यांना लिंग नाहीच. मोबाईल तो, रिक्षा ती, मिक्सर तो. "मशीन"चं मात्र अजून नक्की झालेलं नाही. आमच्या आळीत अर्ध्या घरांत "ती मशीन" आहे, अर्ध्या घरांत "ते मशीन". एकाच घरात सासू-सुनेचं जुळत नाही असंही मी ऐकलंय, पण त्या घरात इतरही बऱ्याच गोष्टींचं जुळत नाही.

तुम्ही म्हणाल, हे ऐकून ऐकून पाठ होतं, त्यात काय मोठं? पाठच होत असेल असं शास्त्रज्ञांनाही वाटायचं. मग 1958 साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी एक साधी युक्ती केली. लहान मुलांना त्यांनी एका विचित्र प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याला एक खोटंच नाव दिलं, "वग". हा एक वग. आता हे बघ दोन. हे दोन काय? मुलांनी लगेच इंग्रजीच्या नियमाने त्याचं अनेकवचन करून दिलं. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. तेव्हा पाठ केलेला असणं शक्य नव्हतं. त्यांच्या डोक्यात नियम तयार झालेला होता, आणि तो तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आपण इथेच करून बघू. जवळ चार-पाच वर्षांचं मूल असेल तर त्याला बोलवा. नाहीतर तुम्हीच सांगा. मी आत्ता बनवलेले शब्द आहेत. हा एक झुमडा. हे दोन? झुमडे. ही एक गुबळी. ह्या दोन? गुबळ्या. हे एक टुमकं. ही दोन? टुमकी. झुमडाला बोलाव की झुमड्याला बोलाव? बघा, जगात नसलेल्या प्राण्यालासुद्धा तुम्ही व्याकरण लावून दिलंत.

लहान पोरांच्या चुका तर याहून बोलक्या असतात. तीन वर्षांचं मूल म्हणतं, "मी करलं." आपण हसतो आणि सांगतो, "करलं नाही रे, केलं." पण विचार करा, "करलं" त्याने ऐकलं कुठे? घरात कुणीच तसं म्हणत नाही. त्याने धरलं, भरलं, मारलं हे ऐकलं आणि त्यातून स्वतःच नियम काढला. "करलं" ही चूक म्हणजे त्याच्या अकलेचा पुरावा आहे. अशा वेळी पोराला रागावू नये, माझं तरी असं मत आहे. पुढे कधीतरी ते आपोआप "केलं" म्हणू लागतं.

हे सुरू कधी होतं? 1996 साली अमेरिकेतच जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक आवाज ऐकवला. त्यात बनावट शब्द होते, एकाला एक चिकटून, मध्ये कुठे थांबणं नाही, हेल नाही. कुठली अक्षरं नेहमी एकापाठोपाठ येतात एवढाच काय तो धागा. दोनच मिनिटांनी ती बाळं त्यातले शब्द आणि शब्द नसलेले तुकडे वेगळे ओळखत होती. ज्याला अजून दात पूर्ण आलेले नाहीत ते मूल मोजणी करतंय, आणि आपण म्हणतो, त्याला काय कळतं.

आता वसईकडे परत येऊ. आपल्या ह्या पट्ट्यात घराघरांतल्या बोली किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. निर्मळ, गास, वाघोली, नंदाखाल ह्या बाजूला सामवेदी, म्हणजे कादोडी. वाडवळांची वाडवळी. पाचूबंदर आणि अर्नाळ्याला कोळ्यांची बोली. पूर्वेला डोंगराकडच्या पाड्यांवर वारली. त्यातल्या कादोडीकडे आणि वाडवळीकडे इतिहासाच्या नजरेने बघा. कादोडी सामवेदी हिंदू बोलतात आणि सामवेदी ख्रिस्तीही बोलतात, ज्यांना आपण कुपारी म्हणतो. वाडवळीचंही तसंच, हिंदू घरांत आणि ख्रिस्ती घरांत तीच बोली. पोर्तुगिजांच्या काळात धर्म बदलला. नावं बदलली, आडनावं बदलली. एकाच आळीतली माणसं देवळात आणि चर्चमध्ये वाटली गेली. पण चुलीपुढची बोली दोन्हीकडे तीच राहिली. त्यानंतर जवळजवळ पावणेपाचशे वर्षं झाली आणि आजही कुपारी बाई आणि सामवेदी ब्राह्मण बाई बाजारात भेटल्या तर एकमेकींशी घरच्यासारखं बोलतात.

का राहिली? धर्म जाणतेपणी बदलता येतो. पाण्याचा विधी झाला, नवं नाव मिळालं, झालं. कपडे एका दिवसात बदलतात. पण भाषा मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत आत जाऊन बसलेली असते, आणि ती देणारी असते आई, आजी, आत्या, पाळण्याची दोरी ओढणारी मोठी बहीण. तिथपर्यंत कुठल्याच पाद्र्याचा किंवा सुभेदाराचा हात पोचत नाही. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 1684 साली गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीजच बोलावं. फर्मान काढणाऱ्याला वाटलं असणार, भाषा म्हणजे टोपी आहे, काढ म्हटलं की काढतील. तीन वर्षं गेली, तीनशे वर्षं गेली. गोव्यात कोकणी आहेच.

फर्मानाने जे झालं नाही ते आता आपल्या घरांत आपसूक होतंय, म्हणून हा विषय आज घेतला. माझ्या ओळखीच्या एका घरात आजी नातवाशी कादोडी बोलायची. मूल इंग्रजी शाळेत जाणार, मग आधीपासूनच त्याच्या कानावर "शुद्ध" पडलेलं बरं, असं घरच्यांनी ठरवलं. आजीला कुणी टाकून बोललं नाही. फक्त म्हणाले, आई, त्याच्याशी जरा नीट बोला. आजीला "नीट" येत नव्हतं. तिने नातवाशी बोलणंच कमी केलं. जेव, ये, जा, एवढंच. चार वर्षांत ते मूल इंग्रजी शिकलं, मराठी शिकलं, टीव्हीवरची हिंदीही शिकलं. आजीच्या गोष्टी तेवढ्या त्याला मिळाल्या नाहीत. सुनेचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, तिला पोराचं भलंच हवं होतं. पण जे मूल आठ महिन्यांचं असताना दोन मिनिटांत शब्द वेगळे करतं, त्याला दोन-तीन भाषांचं ओझं होत नाही. वसईत आपण सगळ्याच दोन-तीन बोलींत वाढलो, आणि आपलं काही बिघडलेलं नाही. हे त्या घरी मी वेळेवर सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

मुलाच्या ह्या नकळत शिकण्याकडे ज्यांनी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं त्यांत मारिया मॉन्टेसरी ह्या इटलीच्या डॉक्टर बाईंचं नाव मोठं आहे. 1939 साली, वयाच्या 69व्या वर्षी त्या भारतात शिक्षिकांना शिकवायला आल्या. थोड्या महिन्यांसाठी आलेल्या, पण महायुद्धात इटली इंग्रजांविरुद्ध उतरली, आणि त्या 1946 पर्यंत इथेच अडकल्या. त्यांनी अहमदाबादेत दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक 1949 साली निघालं. त्याचा गाभा हाच, की पहिल्या तीन वर्षांत मूल भोवतालचं सगळं नकळत शोषून घेतं, आणि भाषा हा त्याचा सगळ्यात ढळढळीत दाखला.

पण मॉन्टेसरीबाईंची साधनं महाग होती. रंगीत ठोकळे, मण्यांच्या माळा, घासूनपुसून केलेल्या लाकडी पट्ट्या. ती शहरातल्या मुलांसाठी. आपल्या पाड्यावरच्या पोरांचं काय, हा प्रश्न घेऊन एक मराठी बाई आपल्याच जिल्ह्यात आल्या. ताराबाई मोडक. 1892 चा जन्म, पदवीधर, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालमंदिरात कित्येक वर्षं काम केलेलं. 1945 साली, पन्नाशी उलटल्यावर, त्या डहाणू तालुक्यात बोर्डीला येऊन राहिल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच कपाळ पुसलं गेलेलं. घरच्यांच्या आधाराने शिकल्या, शिक्षिका झाल्या.

बोर्डीला बालवाडी काढली. मुलं येईनात. आईबाप मजुरीला, मोठं मूल धाकट्याला कडेवर घेऊन फिरतंय, ते बालवाडीत कसं येणार? दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ह्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. जिथे मूल आहे तिथे. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. साधनं म्हणून शंख-शिंपले, चिंचोके, पानं, गोटे. 1957 साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा.

मला ह्यात मोठी वाटते ती गोष्ट अशी. वारल्याचं पोर रिकामं डोकं घेऊन आलंय असं ह्या बायांनी धरलं नाही. त्या पोराला पक्षी आवाजावरून कळतात, कुठला कंद खायचा, कुठला नाही ते कळतं, पाऊस कुठून येणार ते कळतं. हे त्याला कुणी धडा देऊन शिकवलेलं नाही. ते आधीच शिकतंय, आपण त्याच्याशेजारी जाऊन बसायचं. ताराबाई 1973 मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अनुताई 1992 पर्यंत होत्या.

आता एक कडू गोष्ट. मन नकळत शिकतं खरं, पण ते चाळणी लावून शिकत नाही. जसं घमेल्यात-बादलीत शिरतं तसंच बाकीचंही शिरतं. आई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, उरलेलं जेवते, हे मुलगी बघते. तिला कुणी म्हणत नाही, की तूही शेवटीच जेव. सासरी गेल्यावर ती शेवटी जेवते. आमच्या गावच्या ग्रामसभेत एकदा मी मुद्दाम बघत उभी राहिले. पुढच्या खुर्च्या मोकळ्या होत्या. बाया येत होत्या आणि एकीमागून एक, मागे सतरंजीवर जाऊन बसत होत्या. कुणी अडवलं नव्हतं. त्यांतल्या दोघी तर निवडून आलेल्या सदस्या. मी एकीला विचारलं, पुढे का नाही बसलीस? ती म्हणाली, "अगं, लक्षातच नाही आलं." खोटं बोलत नव्हती ती. खरंच लक्षात आलं नव्हतं. आणि हे सांगणारी मी, मीही तेव्हा भिंतीला टेकून मागेच उभी होते. त्यानंतरच्या सभेला आम्ही आधीच ठरवून चौघी पुढे बसलो. पहिले दहा मिनिटं अंगावर काटा आल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या-चौथ्या सभेपासून काही वाटेनासं झालं.

शेवटी हातांबद्दल बोलते, कारण नकळत शिकणं फक्त मुलांचं नाही. 1967 साली आर्थर रेबर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोठ्या, शिकल्यासवरल्या माणसांना अक्षरांच्या ओळी पाठ करायला दिल्या. त्या ओळींमागे एक लपलेला नियम होता, तो सांगितला नाही. मग नव्या ओळी दाखवून विचारलं, ह्यांतली कुठली आधीच्यांसारखी आहे? लोकांची उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरोबर आली. पण नियम काय, असं विचारलं तर सांगता येईना.

त्याआधी, 1953 साली, हेन्री मोलेसन नावाच्या 27 वर्षांच्या माणसाच्या मेंदूवर फेफरं थांबावं म्हणून शस्त्रक्रिया झाली. फेफरं कमी झालं, पण त्याला नवीन काहीच लक्षात राहीना. सकाळी भेटलेलं माणूस दुपारी परकं. कॅनडाच्या ब्रेंडा मिल्नर ह्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. आरशात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे पहिल्यांदा हात कुणाचाही भरकटतो. तीन दिवस त्याच्याकडून हे करून घेतलं. रोज त्याला वाटायचं, आपण हे पहिल्यांदाच करतोय. हात मात्र रोज सुधारत गेला. डोक्याला आठवण नव्हती, हाताला होती. घरातल्या विसरभोळ्या झालेल्या आजीला नाव आठवत नाही, आज वार कुठला ते आठवत नाही, पण तांदळाचं पीठ पुढे ठेवलं की भाकरी गोल थापते, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल.

आमच्या गटात एक मावशी आहेत. सुकेळी त्यांच्यासारखी वसईत कुणी करत नाही, असं आम्ही म्हणतो. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, उन्हात वाळत घालायची, संध्याकाळी दवाच्या आधी आत घ्यायची, आणि नीट सुकली की केळीच्या सुक्या पानात गुंडाळायची. कृती एवढीच. पण एक दिवस कमी झाला तर बुरशी येते, एक दिवस जास्त झाला तर चामडं होतं. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून प्रशिक्षणाची योजना आली. शिकवणाऱ्या बाईला मानधन होतं. आम्ही मावशींचं नाव दिलं. साहेब आले, फॉर्म काढला, विचारलं, किती दिवस वाळवायचं? मावशी म्हणाल्या, ऊन असेल तसं. तयार झालं हे कशावरून ठरवता? म्हणाल्या, "झालं की कळतं." साहेबांनी दोनदा विचारलं. मावशी दोनदा तेच म्हणाल्या. फॉर्मवर शेरा पडला, तांत्रिक माहिती नाही. शिकवायला बाहेरून एकजण आला. त्याने फळ्यावर छान लिहून दिलं, आणि त्या वर्षीची आमची निम्मी सुकेळी फुकट गेली.

मग आम्ही आमच्या पद्धतीने केलं. मावशींना विचारणं सोडलं आणि त्यांच्याकडे बघत बसलो. परातीत तयार, अर्धी तयार, अशी मिसळून सुकेळी ठेवली आणि निवडायला सांगितली. तेव्हा दिसलं, की त्या अंगठ्याने मधोमध दाबतात आणि बोट लगेच नाकाशी नेतात. आम्ही म्हटलं, मावशी, तुम्ही वास घेता. त्या म्हणाल्या, छे, मी कुठे? पुढच्या सुकेळीला परत बोट नाकाशी. तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. हे आम्ही वहीत लिहून ठेवलं. पण वहीत उतरलं ते थोडंच. म्हणून गटातली एक कॉलेजात जाणारी मुलगी सुट्टीत त्यांच्याशेजारी बसायला लागली. शिकवणी नाही, काही नाही. केळी सोलायची, पालटायची, गप्पा मारायच्या. दोन मोसम गेले.

ह्या एप्रिलची गोष्ट. मावशी गुंडाळायला बसल्या आणि तिने परातीतली चार-पाच सुकेळी बाजूला काढली. म्हणाली, "मावशी, ही आज नको. उद्या."

मावशींनी विचारलं, "कशावरून गं?"

ती थोडा वेळ सुकेळ्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "काय माहीत. झाली नाहीत अजून."

मावशींनी एक उचलून दाबलं, बोट नाकाशी नेलं, आणि ती चार-पाच परत उन्हात मांडायला उठल्या.